सातवी अट

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहा चाळीसला मेसेज आला. सरकारी खरेदीसाठी भरलेली आमची बिड, म्हणजे बोली, तांत्रिक तपासणीत अपात्र. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत जेमतेम एक ओळ होती, मराठीत सांगायचं तर "एटीसीप्रमाणे नाही", म्हणजे खरेदीदारानं स्वतः जोडलेल्या अटींप्रमाणे नाही. हरकत नोंदवायची असेल तर ४८ तास.

इंदूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं की रंगपंचमीला आमचं शहर बंद असतं. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, टँकरवरून रंगाचे फवारे उडतात, दुपारपर्यंत रस्त्यावर ओळखीचा माणूस ओळखू येत नाही. सीए, नोटरी, वकील, झेरॉक्सवाला, कुणीही जागेवर नसतं. म्हणजे त्या ४८ तासांतले चोवीस तरी रंगात गेले. खाली गल्लीत ढोल वाजत होता आणि मी रामबागेतल्या घरात दार लावून १४ पानांचं बिड डॉक्युमेंट ओळ न् ओळ वाचत होते. आमचं कुठं चुकलं हे मलाच शोधून काढायचं होतं, कारण ज्यांनी अपात्र ठरवलं त्यांनी ते लिहिलं नव्हतं.

सांवेर रोडला आमचा लहानसा कारखाना आहे. बाबांनी १९८६ मध्ये सुरू केला. प्रयोगशाळांसाठी उभे ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारी यंत्रं), वॉटर बाथ, हॉट एअर ओव्हन असं आम्ही बनवतो. दादा शॉप बघतो, कागद मी बघते, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, माझ्या नावावर आहे. एकूण नऊ माणसं. आमचे वेल्डर काका सव्वीस वर्षं आमच्याकडे आहेत.

बिड होती केंद्र सरकारच्या एका संस्थेची. सहा उभे ऑटोक्लेव्ह, आतली टाकी एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलची, ३५० मिलिमीटर व्यास, ५५० मिलिमीटर उंची, म्हणजे साधारण ५२ लिटर. हे माप आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय. १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब. प्रत्येक टाकी आम्ही पाणी भरून ३० पौंडांवर अर्धा तास धरतो आणि काका टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवतात. ओल लागली तर टाकी परत टेबलावर. या बाबतीत कुणाचंही ऐकून घेतलं जात नाही, दादाचंसुद्धा नाही.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी काकांना सांगताना मला शब्द सापडेनात. फोनवर त्यांनी पहिलं विचारलं, "ताई, वेल्डिंगमध्ये काही निघालं का?"

हे मला फार लागलं. "तांत्रिकदृष्ट्या अपात्र" याचा अर्थ खरेदीच्या भाषेत एवढाच, की दोन पाकिटांपैकी (एक तांत्रिक, दुसरं दरांचं) पहिलं पाकीट नापास झालं. त्या पाकिटात यंत्राच्या मापांबरोबर सीएचं सर्टिफिकेट असतं, पॅन असतं, जुन्या ऑर्डरी असतात. त्यातला एखादा कागद राहिला तरी शिक्का तोच. पण ज्यानं यंत्र हातानं जोडलंय, त्याला तो शिक्का आपल्या कामावरच बसल्यासारखा वाटतो. यंत्र कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं, हे काकांना पटवायला मला दहा मिनिटं लागली.

कारण सापडलं रात्री. त्या एटीसीत सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं की बोली लावणाऱ्यानं मागच्या तीन वर्षांत केंद्र सरकारच्या संस्थेला याच मॉडेलची किमान तीन यंत्रं पुरवलेली असावीत. आमचा पुरवठा राज्यातल्या एका विद्यापीठाला होता, पीथमपूरच्या दोन औषध कंपन्यांना होता, केंद्राच्या संस्थेला एकच यंत्र. मग सातवी अट आम्ही पूर्ण करत नव्हतो, हे खरं. पण त्याच डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर, तक्त्यात, स्वच्छ लिहिलेलं होतं: सूक्ष्म व लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीच्या अटीतून सूट, होय.

ही सूट म्हणजे कुणाची मेहरबानी नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदीचा आदेश २०१२ चा आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला आणि त्यातले ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी धरले गेले. अनामत रकमेतूनही आम्हाला सूट आहे. अनुभवाची सूट मात्र आंधळी नसते. माल गुणवत्तेत आणि तांत्रिक मापात बसलाच पाहिजे, आणि तसंच असायला हवं. मी त्यावर कधीच भांडले नसते. टाकीची जाडी कमी निघाली असती, तर मी गप्प बसून नवी टाकी केली असती.

तर पहिलं पान म्हणतं अनुभव नको, अकरावं पान म्हणतं अनुभव हवा. दोन्हींवर एकाच कार्यालयाचं नाव.

मी दीड पानाची हरकत लिहिली. प्रत्येक मापासमोर आमच्या कॅटलॉगचं पान, हायड्रो टेस्टच्या अहवालाचं पान, उद्यम प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि शेवटी पहिल्या पानावरची ती ओळ. विनंती एकच केली: कोणत्या कारणानं अपात्र ठरवलं ते लिहून कळवावं, आणि ते कारण सातवी अट असेल तर सवलतीचा विचार केला का तेही कळवावं. दुसऱ्या रात्री उत्तर आलं. हरकत अमान्य, अट क्रमांक सात. सवलतीबद्दल एक अक्षर नाही.

सकाळी मी फोन केला. पलीकडचे साहेब सभ्य होते, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "मैडम, कमेटी का निर्णय है, मैं अकेला क्या कर सकता हूँ। मार्च है, आप समझिए।" मार्च मला समजतो. पैसा ३१ तारखेच्या आत खर्ची पडला नाही तर परत जातो, एकेका टेबलावर बिडांची चळत असते, आणि ज्याच्या नावावर कागद कमी त्याला बाजूला करणं हा चळत कमी करायचा सर्वांत सोपा रस्ता असतो. पण त्या चळतीतला एक कागद आमच्या तीन महिन्यांच्या कामाचा होता. मार्च संपायच्या आत ऑर्डर दुसरीकडे गेली. आमचं दरांचं पाकीट उघडलंच नाही. एका यंत्राला आम्ही ९४,५०० लावले होते. तो आकडा महाग होता की स्वस्त, हे कुणी पाहिलं नाही.

बाबा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार त्या आठवड्यात सारखा येत होता. बाबांच्या काळात जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल, नव्हतं, ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलं. तेव्हा कार्यालयात लोखंडी टेंडर पेटी असायची, लाखेची मोहोर लावलेलं पाकीट दुपारी तीनच्या आत त्यात टाकायचं, आणि साडेतीनला सगळ्यांसमोर पेटी उघडायची. बाबा इस्त्रीचा सदरा घालून जायचे. दर मोठ्यानं वाचले जायचे आणि बाबा ते वहीत उतरवून घ्यायचे, जिंकलो तरी आणि हरलो तरी. त्या वह्या माझ्याकडे आहेत. १९९३ च्या वहीत एका पानावर दरांचा तक्ता आहे आणि आमच्या नावासमोर रेघ. खाली बाबांचं अक्षर: "डीडी दुसऱ्या बँकेचा म्हणून पाकीट परत." टेंडरमध्ये एका विशिष्ट बँकेचा डीडी मागितला होता, बाबांनी तेवढ्याच रकमेचा दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेचा नेला होता. पैसे तेवढेच, सरकारी बँक तशीच. त्या वर्षी दिवाळीला कारखान्यात बोनस नव्हता आणि मी अकरावीत होते. आई सांगायची, बाबा त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपले.

त्या पानाचा अर्थ मला वकिलांमुळे नव्यानं कळला. एप्रिलमध्ये मी महात्मा गांधी मार्गावरच्या हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलांना भेटले. दादाच्या मित्राचे काका, त्यामुळे पहिल्या भेटीची फी घेतली नाही, वर चहा पाजला. त्यांनी जुने निकाल सांगायला सुरुवात केली. १९७९ चा रमणा दयाराम शेट्टी खटला: सरकारनं स्वतः घातलेल्या अटी सरकारवरही बंधनकारक असतात. १९९४ चा टाटा सेल्युलर: न्यायालय खरेदीदाराच्या निर्णयावर अपील ऐकत नाही, निर्णय कसा घेतला ते तपासतं. आणि मध्ये १९९१ चा पोद्दार स्टीलचा निकाल. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये भंगाराच्या विक्रीचं टेंडर होतं. अनामत रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या डीडीनं मागितली होती आणि एकानं युनियन बँकेचा चेक, बँकेनंच प्रमाणित केलेला, दिला. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की टेंडरच्या सगळ्या अटी एका वजनाच्या नसतात. काही पात्रतेच्या मुळाशी असतात, काही त्या मुळाला मदत करणाऱ्या. दुसऱ्या प्रकारच्या अटीत किरकोळ फरक पडला तर खरेदीदार तो सोडून देऊ शकतो.

मी विचारलं, "कोणत्या साली म्हणालात?"

"एक्क्याण्णव."

बाबांचं पाकीट परत आलं त्र्याण्णव साली. दोन वर्षं आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं जवळजवळ हेच प्रकरण निकालात काढलं होतं आणि सांवेर रोडवरच्या माणसाला ते सांगणारं कुणी नव्हतं. वकिलांनी लगेच सावध केलं की "सोडून देऊ शकतो" आणि "सोडलंच पाहिजे" यात फार अंतर आहे, त्या निकालानं बाबांना ऑर्डर मिळालीच असती असं नाही. ते बरोबरच असेल. पण बाबांना त्या साहेबांसमोर बोलायला एक वाक्य तरी मिळालं असतं.

मग आमच्या प्रकरणाकडे आलो. वकिलांनी मला २००६ च्या जगदीश मंडल निकालाचा एक परिच्छेद वाचायला दिला. न्यायालयानं स्वतःला दोन प्रश्न विचारायचे असं त्यात आहे. निर्णय कुणाला फायदा द्यायला किंवा दुष्ट हेतूनं झाला का, किंवा कुठलाही जबाबदार अधिकारी घेणार नाही इतका मनमानी आहे का? आणि लोकहिताला धक्का बसतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर हात घालायचा नाही. त्याच परिच्छेदात हरलेल्या ठेकेदारांबद्दल लिहिलंय, की दुखावलेला अभिमान आणि धंद्यातली चुरस घेऊन राईचा पर्वत करणाऱ्यांना न्यायालयांनी दाद देऊ नये.

ते वाचून मी बराच वेळ गप्प होते. माझाही दुखावलेला अभिमानच आहे का? प्रामाणिकपणे सांगते, थोडा आहे. काकांच्या त्या प्रश्नानं तो दुखावला. आणि असे लोक असतात, हेही मी पाहिलंय. एका टेंडरमध्ये आम्ही जिंकलो होतो तेव्हा एका प्रतिस्पर्ध्यानं आमच्याविरुद्ध सहा तक्रारी टाकल्या, प्रत्येक वेळी नवं कारण. चार महिने पुरवठा अडला, तोवर स्टीलचे भाव चढले आणि नफा गेला. न्यायालयं कंटाळली असतील तर मला त्यांचा राग येत नाही. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात तर सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सहसा टेंडरला स्थगिती देऊ नये, निर्णय मनमानी असलाच तर नुकसानभरपाईचा विचार करावा.

वकिलांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त बोचली. सातवी अट बिड भरण्याआधी वाचली होती का? वाचली होती. मग तेव्हाच का नाही विचारलं? अटीला हरकत न घेता टेंडरमध्ये उतरायचं आणि हरल्यावर अट चुकीची म्हणायचं, हे न्यायालयात सहसा टिकत नाही. आमचं म्हणणं अट चुकीची असं नसून सूट लागू केली नाही असं आहे, त्यामुळे अजून वाट आहे, पण अरुंद. बिड उघडी असताना पोर्टलवर खुलासा मागता येतो. मी मागितला नाही, कारण पहिल्या पानावरच्या "होय"वर माझा विश्वास होता. ही चूक माझी आहे. पुन्हा होणार नाही.

शेवटी हिशेब. सहा यंत्रांचे ५,६७,०००. त्यात नफा धरला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची हायकोर्टातली याचिका, वकील, टायपिंग, तारखा, यांत तो संपूर्ण जातो. आणि तोवर दुसऱ्याची यंत्रं त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत बसून वाफ सोडत असतील. वकील म्हणाले, "मोठ्या ठेक्याला कोर्ट परवडतं. तुमच्यासारख्यांना नाही, हे मलाही आवडत नाही."

युरोपात ठरावीक रकमेच्या वरच्या सरकारी खरेदीत कुणाला ठेका दिला हे कळवल्यावर करारावर सही करायला किमान १० दिवस थांबावं लागतं. अमेरिकेत हरलेला पुरवठादार वकील न लावताही सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाकडे जाऊ शकतो. ठरलेल्या दिवसांत तक्रार गेली की काम साधारणपणे थांबतं आणि १०० दिवसांत निर्णय येतो. आपल्याकडे असा प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये लोकसभेत सार्वजनिक खरेदीचं विधेयक मांडलं गेलं, त्यात तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समित्या होत्या. २०१४ ला ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बाद झालं. राजस्थान, तमिळनाडू, कर्नाटक यांचे स्वतःचे कायदे आहेत. केंद्राच्या खरेदीला आजही वित्तीय नियमांचाच आधार. त्या २०१७ च्या नियमांत, १७३ व्या नियमात, लिहिलेलं आहे की बोली नाकारली गेली तर प्रश्न विचारण्याची सोय बिडच्या कागदांतच असावी. आम्हाला ती सोय मिळाली, ४८ तासांची. प्रश्न विचारला. ज्यांनी नाकारलं होतं त्यांनीच तो वाचला आणि तेच उत्तर दिलं.

मला दहा दिवसांची स्थगिती नको, समिती नको. अपात्र ठरवताना कोणती अट, कोणतं पान आणि आमचा कोणता कागद कमी पडला, या तीन गोष्टी लिहिणं बंधनकारक करा, एवढं मिळालं तरी सांवेर रोडवरचे निम्मे लोक शांत झोपतील. तीन ओळी लिहायला तीन मिनिटं लागतात. आणि त्या लिहाव्या लागल्या की लिहिणाऱ्यालाही पहिलं पान उलटून पाहावं लागेल.

याचिका केली नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज केला, तीन गोष्टी मागितल्या: मूल्यमापन समितीचा तक्ता, आमच्या हरकतीवरचं टिपण, आणि ज्यांना ऑर्डर मिळाली त्यांचं अनुभवाचं प्रमाणपत्र. मे महिन्यात पाकीट आलं. टिपण नव्हतंच, "वेगळं टिपण उपलब्ध नाही" असं लिहिलेलं. तक्त्याची झेरॉक्स होती, तीन सह्यांची. आमच्या ओळीत "एमएसई", म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योग, या रकान्यात "होय" आणि त्याच्याच बाजूच्या रकान्यात "अट ७: नाही". दोन्ही एकाच पेनानं, एकाच अक्षरात. ऑर्डर मिळालेल्यांच्या ओळीत सातव्या अटीसमोर नुसती टिकमार्क. त्यांचं प्रमाणपत्र द्यायला नकार दिलाय, व्यापारी गुपित म्हणून, कलम ८(१)(घ). सरकारी संस्थेला तीन यंत्रं विकली हे गुपित कसं, मला समजलेलं नाही. त्यांचं प्रमाणपत्र खरं असेलही. असावं असंच मला वाटतं. फक्त ते पाहायचंय.

पहिलं अपील जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकलं. सुनावणी पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आहे. तक्त्याची झेरॉक्स मी बाबांच्या १९९३ च्या वहीत, त्या पानाजवळ घालून ठेवली होती, काल ती काढून फाइलला लावली. काका म्हणाले, टाकीचे फोटोही न्या, सांध्यांचे जवळून काढलेले. सुनावणीत त्यांचा काही उपयोग नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. आठ फोटो प्रिंट करून घेतलेत, रंगीत.